अंदमानला जाताना गच्चीतल्या कुंड्यांची व्यवस्था कशी लावावी?

मोगरेवाली, कोथरूड

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही आठवडा-दहा दिवसांसाठी अंदमानला जात आहोत. सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे येणार नाहीत. त्यांच्या सोबतीला नणंद राहायला येणार आहे, परंतु ती सकाळी सातला कामावर निघते आणि अंधार पडल्यावर परतते. आमची गच्ची दोन जिने वर आहे, त्यामुळे रोज पाणी घालायला कोणी नाही असेच धरून चालावे लागेल. गच्चीत मोगरा, जास्वंद, काही गुलाब, कढीपत्ता, गवती चहा, थर्माकोलच्या खोक्यांतील पालक-मेथी, अडेनियम आणि नुकतेच फळाला लागलेले टोमॅटो आहेत. टोमॅटोंचीच काळजी सर्वांत जास्त वाटते.

दुसरा प्रश्न सहलीविषयी आहे. यजमानांनी केलेल्या यादीत स्कूबा, बोटी आणि समुद्रकिनारे यांखेरीज काहीही नाही. बागेची आवड असणाऱ्या माणसाने तेथे काय पाहावे, हे जाऊन आलेल्यांनी सांगावे. शिवाय सासूबाईंनी सेल्युलर जेलच्या आवारातली चिमूटभर माती तुळशी वृंदावनात घालण्यासाठी आणायला सांगितली आहे. ती आणावी का?

निंबोळी, सहकारनगर

मोगरेवाली ताई, पुण्याच्या डिसेंबरात रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि झाडांची वाढ मंदावते, त्यामुळे त्यांची तहान मे महिन्याच्या मानाने पुष्कळच कमी असते. घरधनी गावाला गेल्यावर कुंड्या मरतात त्या बहुधा मायेपोटी रोज तांब्या-तांब्याने पाणी ओतणाऱ्या नातेवाइकांमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे रोज वर जाणारे कोणी नाही, ही एका अर्थी सोयीचीच गोष्ट समजा.

हिवाळ्यात कुंडी सुकते ती उन्हाइतकीच कोरड्या वाऱ्याने. म्हणून कठड्यावरच्या सगळ्या कुंड्या खाली उतरवून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवा. मोठ्या कुंड्या बाहेरच्या कडेला आणि लहान मध्यभागी ठेवाव्यात. मातीवर दोन-तीन इंच वाळका पालापाचोळा पसरा. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडे मिळाली तर तीही चालतात, मात्र ती आधी उन्हात चांगली वाळवून घ्यावीत, नाहीतर गोडव्याने मुंग्या लागतात.

टोमॅटोंसाठी मडक्याचा उपाय करावा. रंग न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि तोंडावर झाकण ठेवायचे. माती कोरडी पडेल तसे पाणी मडक्याच्या अंगातून झिरपते आणि माती ओली असली की झिरपणे मंदावते. माळ्यावर गेल्या संक्रांतीची सुगडी असतीलच. ती मधल्या आकाराच्या कुंड्यांत पुरता येतील, परंतु ती लवकर रिकामी होतात, म्हणून नणंदबाईंना सुट्टीच्या दिवशी एकदा वर जायला सांगावे लागेल. नवी हवी असतील तर कुंभारवाड्यात त्या सुमारास संक्रांतीचा माल येऊ लागलेला असतो.

गुलाब आणि जास्वंदीसाठी वात वापरता येईल. जुन्या सुती धोतराची किंवा साडीची बोटभर रुंद पट्टी पिळून, आधी पूर्ण भिजवून घ्यावी. तिचे एक टोक बादलीच्या तळाशी दगडाने दाबावे आणि दुसरे कुंडीतील मातीत दोन इंच खोचावे. बादली कुंडीपेक्षा किंचित उंच असावी. फार उंच ठेवली तर एका रात्रीत रिकामी होते. निघण्याच्या आठवडाभर आधी बादलीवर पेनाने पाण्याच्या पातळीची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती उतरले ते पाहा, म्हणजे बादलीचा हिशेब लागेल. बादलीचे तोंड कापडाने घट्ट बांधावे आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी भरून ठेवू नये. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि आठ-दहा दिवस त्यांना पुरेसे होतात.

अडेनियमला काहीही करू नका. पालक-मेथी निघण्याच्या आदल्या दिवशी कापून घ्या.

उंडी, सिंहगड रस्ता

पाण्याविषयी निंबोळी काकांनी सांगितलेच आहे, मी सहलीविषयी लिहितो. सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की अंदमान आपल्या फार पूर्वेला असूनही घड्याळ एकच असल्यामुळे तेथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्याच्या सवयीने नऊला न्याहारी करून बाहेर पडलात, तर झाडे पाहायला उजेडच उरणार नाही.

पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले, तर हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे नामकरण 2018 मधले आहे. बोटीची तिकिटे काढताना दोन्ही नावे दिसतात, म्हणून सांगितले. या रॉस बेटावर अवश्य जा. इंग्रजांनी तेथे राजधानी वसवली होती. आज त्या इमारतींच्या विटांच्या भिंती वड-पिंपळाच्या जातकुळीतील झाडांच्या मुळांनी अक्षरशः कवेत घेतल्या आहेत. काही ठिकाणी भिंत कोसळली असती, ती केवळ मुळांच्या जाळ्यामुळे उभी आहे. आमच्या सोसायटीत कठड्याच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप ‘राहू द्या, लहान आहे’ असे म्हणणारे जे सभासद आहेत, त्यांना मी हीच छायाचित्रे दाखवतो.

किनाऱ्यावरच्या झाडांत आपली ओळखीची मंडळी बरीच भेटतात. देशी बदाम, केवडा आणि कोकणात जिच्या बियांच्या तेलावर दिवे जळत ती उंडी तेथेही आहेत. नवे पाहण्याजोगे झाड म्हणजे बॅरिंग्टोनिया, आपल्या समुद्रफळाचा बेटावरचा भाऊबंद. त्याचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. सकाळी लवकर गेलात तर झाडाखालच्या वाळूवर पांढऱ्या केसरांचे झुबके पडलेले दिसतील. त्यांची टोके गुलाबी असतात. त्याचे चौकोनी, डब्यासारखे फळ समुद्रात दीर्घकाळ तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागते आणि तेथे रुजते. बी मात्र विषारी आहे. मासे गुंगवण्यासाठी ते वापरत असत. मुले बरोबर असतील तर लक्ष ठेवावे.

अंदमानी पडौक हा तिकडचा राज्यवृक्ष आणि आपल्या सह्याद्रीतील बिवळ्याच्याच कुळातला. त्याचे तांबडे लाकूड चॅथम येथील लाकूड गिरणीत पाहायला मिळते. ही गिरणी 1883 मधली आहे. सवड असेल तर धनीखारी येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या उद्यानात अर्धा दिवस काढावा. यजमानांना तोवर स्कूबा करू द्यावे, दोघांचाही दिवस चांगला जाईल.

शेणखत, हडपसर

मातीविषयी थोडे. सासूबाईंच्या भावनेचा पूर्ण आदर आहे, तरीही माती आणू नये असे मला वाटते. 1942 ते 1945 या काळात अंदमान जपानच्या ताब्यात असताना तेथे आफ्रिकन गोगलगाय आली आणि तिने तिकडच्या बागांना आजवर सळो की पळो करून सोडले आहे. तिची अंडी मातीतच असतात. ही गोगलगाय आपल्याकडेही पावसाळ्यात निघते हे खरे, परंतु मातीतून सूत्रकृमी आणि बुरशीही येतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. सेल्युलर जेल हे राष्ट्रीय स्मारक आहे, तेव्हा तेथील माती उकरणे हेही प्रशस्त नव्हे. प्रवाळाचे तुकडे तर मुळीच उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे आणि विमानतळावर सामानातून ते काढून घेतात.

मोगरेवाली, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. माळ्यावर सुगडी सापडली, त्यांत एक-दोन चिरलेली आहेत, पण बाकीची धड आहेत. मातीचा विषय मी सासूबाईंसमोर काढला. त्या क्षणभर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘मग तिथल्या कोठडीपुढे माझ्या नावाने दोन फुले वाहा, आणि ती आपल्या मोगऱ्याची नसली तरी चालतील.’ डिसेंबरात आमचा मोगरा फुलत नाही हे त्यांना माझ्याआधी आठवले. एक शंका राहिली: टोमॅटोंची फळे पिकायला आली तर वेलीवरच ठेवावीत का?

निंबोळी, सहकारनगर

ठेवू नयेत. ज्यांना रंग धरू लागला आहे ती सगळी देठासकट उतरवून टोपलीत एकेरी थरात ठेवा, ती घरातही पिकतात. वेलीवर राहिली तर पक्षी चोच मारतात आणि पाणी कमी-जास्त झाले की फळे तडकतात. फुटवे काढून वेल काठीला नीट बांधून जा. पानांच्या मागे मावा किंवा पांढरी माशी दिसली, तर निघण्याच्या तीन-चार दिवस आधी संध्याकाळी निंबोळी तेल फवारा. आयत्या वेळी फवारू नका, परिणाम पाहायला आपण येथे नसाल.

उंडी, सिंहगड रस्ता

आणखी एक राहिले. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून शहरात इंटरनेट चांगले चालते, परंतु स्वराज द्वीपावर ते कुठे मिळते, कुठे नाही. नणंदबाईंना ज्या सूचना द्यायच्या असतील त्या जाण्यापूर्वीच कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. व्हिडिओ कॉलवरून बादली दाखवून घेण्याच्या भरवशावर राहू नका.