सल्ला हवा: नव्या फोनची प्री-ऑर्डर करू की गेल्या वर्षीचा घेऊ?

पाऊलखुण (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. माझा फोन आता अगदीच थकलाय. सकाळी पूर्ण चार्ज केला तरी दुपारी चार्जर शोधावा लागतो, आणि सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय.
बजेट: गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप (कंपनीचा सगळ्यात वरच्या श्रेणीचा फोन) आज ज्या भावात मिळतो तेवढं. त्याच्यावर जायचं नाही.
परवा एका कंपनीचं लाँच झालं. नव्या मालिकेतलं सगळ्यात लहान मॉडेल माझ्या बजेटच्या काठावर बसतं. प्री-ऑर्डर केली तर २५६ जीबीच्या किमतीत ५१२ जीबी, जुन्या फोनवर एक्सचेंज बोनस आणि वर इअरबड्स. ऑफर थोडेच दिवस आहे.
माझी गरज: घरातल्या पळणाऱ्या पोरांचे फोटो, कॉल, दिवसभर टिकेल अशी बॅटरी. गेम खेळत नाही. घेतलेला फोन बरीच वर्षं वापरायचा आहे.
कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात जाईल. प्री-ऑर्डर करू, महिना-दोन महिने थांबू, की गेल्या वर्षीचा मोठा फोन घेऊ?

रानपाखरू:
बिनधास्त प्री-ऑर्डर करा, पण लहान मॉडेल नको, सरळ अल्ट्रा घ्या, मालिकेतलं सगळ्यात वरचं मॉडेल. मी दर वेळी लाँचच्या रात्रीच बुक करतो, ऑफिसात सगळ्यांच्या आधी माझ्या हातात असतो. दुप्पट स्टोरेज मलाही मिळालं होतं. झूम एकदा वापरलात की परत लहान फोनकडे बघणार नाही. बजेट थोडं ताणा, वसूल होतं.

खग्रास:
पहिली बॅच कधीही घेऊ नये. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ आठवतोय का? १९ ऑगस्ट २०१६ ला विक्री सुरू झाली, लोकांनी प्री-ऑर्डरी लावल्या होत्या, आणि २ सप्टेंबरला कंपनीने जगभरातून साधारण २५ लाख फोन परत बोलावले. बॅटऱ्या पेट घेत होत्या. ज्यांनी रांगा लावून घेतला तेच भरडले गेले. निदान दोन महिने थांबा.

कप्पीदोरी:
@खग्रास, उदाहरण बरोबर, पण त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. बदलून दिलेले फोनही पेटले आणि ११ ऑक्टोबरला कंपनीने ते मॉडेलच कायमचं बंद केलं. म्हणजे जो महिनाभर थांबून 'सुरक्षित' फोन घ्यायला गेला तोही सापडला असता. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं जाहीर केली: बॅटऱ्या दोन पुरवठादारांच्या होत्या आणि दोघींत दोष वेगळे. एकीच्या कोपऱ्यात आतले थर दबलेले, दुसरीत वेल्डिंगचे खरखरीत टोक राहिलेले. पहिल्या बॅचचा प्रश्नच नव्हता, डिझाइन आणि तपासणीचा होता. थांबल्याचा फायदा दाखवायचा तर सॅमसंगच्याच गॅलॅक्सी फोल्ड या घडीच्या फोनचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१९ मध्ये परीक्षकांना दिलेल्या फोनांचे पडदे काही दिवसांतच बिघडले, विक्री सुरू होण्याआधीच पुढे ढकलली आणि सुधारलेला फोन सप्टेंबरमध्ये आला.

खग्रास:
म्हणजे थांबाच ना! मीही तेच म्हणतोय.

निरभ्र:
इअरबड्ससाठी फोन घेऊ नका. एका कंपनीने मला लाँचच्या वेळी कॅशबॅक कबूल केला होता. बिल घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर आणि ॲपमधलं खातं माझं, एवढ्या कारणावरून अर्ज फेटाळला. कस्टमर केअरला फोन केला की दर वेळी नवा माणूस, आणि पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी मीच नाद सोडला. नियम व अटी लाँचच्या पोस्टरवर दिसतात त्या नसतात, खालच्या बारीक अक्षरातल्या असतात.

काउंटरवाला:
मी मोबाइलच्या दुकानात काउंटरवर असतो. ऑफरची आतली बाजू सांगतो.
लाँचची किंमत कंपनीला उघडपणे खाली आणायची नसते. एकदा उतरवली की तोच आकडा गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसतो. म्हणून सूट दुसऱ्या रूपात देतात. दोन स्टोरेजमधला किमतीतला फरक हा चिपच्या खर्चापेक्षा पुष्कळ जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे दुप्पट स्टोरेज त्यांना स्वस्तात पडतं आणि आपल्याला मोठं दिसतं. तरीही ५१२ जीबी खरंच लागणार असेल तर तो फायदा तुमचाच. आत्ताच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन किती जागा भरलीय ते बघा. निम्मी रिकामी असेल तर ऑफरमधली ही बाब शून्य धरा.
एक्सचेंज: पोस्टरवरचा आकडा म्हणजे जुन्या फोनचा भाव अधिक बोनस, तोही सगळ्यात महागड्या जुन्या मॉडेलचा. तुमच्या थकलेल्या फोनला तो मिळणार नाही. शिवाय पक्का भाव फोन हातात घेऊन तपासल्यावरच ठरतो. काचेला केसासारखी चीर, स्क्रीनवर पुसट डाग, एवढ्यावर रक्कम खाली येते. नवा डबा समोर ठेवलेला असताना 'राहू दे' म्हणणारं गिऱ्हाइक क्वचितच. म्हणून तोच फोन नुसता विकला तर किती येतात ते आधी विचारून ठेवा. देताना खात्यातून लॉगआउट करा, नाहीतर लॉक लागलेला फोन कोणी घेत नाही.
इअरबड्स बहुतेक वेळा डब्याबरोबर येत नाहीत. बिलाचा फोटो आणि आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) ठरावीक मुदतीत कंपनीच्या ॲपवर टाकायचा, मग कूपन येतं. बरेच जण विसरतात, आणि योजना आखताना विसरणारे लोक हिशेबात धरलेले असतात.
गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप घ्यायचा तर आत्ताच बघा. नवं मॉडेल आलं की जुना साठा काढायची घाई असते. पुढे हवा तो रंग आणि स्टोरेज मिळत नाही. सील आपल्यासमोर फोडायला लावा आणि आयएमईआय टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झालीय ते तिथेच तपासा. महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसली तर तो फोन आधीच चालू करून ठेवलेला, डेमोचा असू शकतो. तुमच्या बजेटात माझं मत गेल्या वर्षीचा.

सावली:
काउंटरवाला यांचा प्रतिसाद जपून ठेवला. एक भर घालते. लाँचच्या मंचावर दाखवलेली एआयची वैशिष्ट्यं किमतीत धरू नका. ॲपलने जून २०२४ मध्ये नवी सिरी (फोनमधली बोलून काम सांगायची मदतनीस) दाखवली, सप्टेंबरात आयफोन १६ त्याच जोरावर विकला. ॲपल इंटेलिजन्सचा, म्हणजे त्यांच्या एआय वैशिष्ट्यांचा, पहिला हप्ता ऑक्टोबरात आला, आणि ज्या सिरीची जाहिरात चालली होती ती पुढे ढकलल्याचं मार्च २०२५ मध्ये सांगितलं. जाहिरातही काढून घेतली. ज्यांनी त्यासाठी फोन बदलला त्यांच्या हातात काय आलं? फोन चांगलाच आहे, पण पैसे ज्यासाठी मोजले ते नाही. ह्याचा मला खरंच राग येतो. 'लवकरच येत आहे' असं लिहिलेलं सगळं खोडा आणि उरलेली यादी पटते का ते बघा.

रानपाखरू:
एआय नको तर नको, पण अल्ट्राचा कॅमेरा तर आजच मिळतो ना?

पाऊलखुण:
सगळ्यांचे आभार. @रानपाखरू, अल्ट्रा बजेटमध्ये नाही, वर लिहिलंय.
@काउंटरवाला, जागा तपासली. १२८ जीबी जवळजवळ भरलीय, मुख्यतः पोरांचे व्हिडिओ. म्हणजे मोठं स्टोरेज उपयोगी पडेल.
आणखी एक विचारायचं होतं. गेल्या वर्षीचा घेतला तर अपडेट एक वर्ष कमी मिळतील का?

कप्पीदोरी:
हो. अपडेटची वर्षं तुम्ही खरेदी केल्यापासून मोजत नाहीत, ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. गूगलचा पिक्सेल ८ (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ (जानेवारी २०२४) यांना सात वर्षांचं आश्वासन आहे. आज घेतलात तरी घड्याळ तेव्हाचंच. सगळ्या कंपन्या सात देत नाहीत, तुमच्या दोन्ही मॉडेलचा आकडा कंपनीच्या साइटवर बघा. तुम्हाला फोन टिकवायचाय म्हणून हा मुद्दा मोठा.

आडवाट:
मुळात नवा फोन कशाला? बॅटरी बदलून घ्या, दोन वर्षं आरामात जातील. माझा अजून चालतोय.

पाऊलखुण:
अपडेट बंद झालेत हो. त्याच फोनवर बँकेचे व्यवहार करते, म्हणून बदलतेय.

बाराखडी:
परीक्षणं वाचून ठरवणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. फोन आधी ज्यांना मिळतो त्यांना कंपनीने दिलेल्या वेळेपूर्वी काही छापता येत नाही. ती वेळ आली की एकाच तासात सगळे व्हिडिओ पडतात. थोडे दिवस वापरून केलेली ती मतं असतात. बॅटरी वर्षभराने कशी राहते हे त्यात नसतंच.
आणि लाँचच्या स्लाइडवरच्या तळटीपा वाचा. पडद्याचा कमाल प्रकाश हा पडद्याच्या छोट्या भागावर मोजलेला असतो. बॅटरीचे तास ठरावीक प्रकाशात एकच व्हिडिओ चालवून काढलेले असतात. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकियाने ल्युमिया ९२० च्या कॅमेऱ्याची जाहिरात दाखवली: सायकलवरची मुलगी, अजिबात न हलणारं चित्रण. मागे दिसणाऱ्या एका गाडीच्या काचेत चित्रीकरण करणाराच दिसला, वेगळा कॅमेरा घेऊन. कंपनीला माफी मागावी लागली. त्या फोनचं स्थिरीकरण खरोखरच चांगलं होतं, तरी हे केलं!
तुमची गरज पळणाऱ्या पोरांच्या फोटोची आहे. कुठल्याही स्लाइडवर ते कळणार नाही. दुकानात जा, डेमो फोन हातात घ्या, चालत्या माणसाचे फोटो काढा आणि मोठे करून बघा. चेहरा फिसकटला तर तो फोन बाद.

रानपाखरू:
परीक्षक सगळे विकलेले असतात, मी कुणाचं बघत नाही.

बाराखडी:
सगळे नाहीत. फोल्डचा पडदा बिघडतो हे विक्रीच्या आधी जगाला कुणी सांगितलं? परीक्षकांनीच. त्यांना फोन कंपनीनेच दिला होता.

खग्रास:
अवांतर: कंपन्या पुढचं मॉडेल लपवून ठेवतात हीच गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आज घेतला आणि दोन महिन्यांत नवा आला किंवा भाव पडला तर? पहिला आयफोन जून २००७ अखेर ५९९ डॉलरला विकला आणि सप्टेंबरात थेट ३९९ केला. लोक एवढे भडकले की आधी घेतलेल्यांना १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं.

कप्पीदोरी:
किमतीबद्दल सहमत. लपवण्याबद्दल नाही. ऑसबॉर्न कॉम्प्युटरने १९८३ मध्ये पुढची मशीनं वेळेआधी बोलून दाखवली, विक्रेत्यांनी चालू मशीनच्या ऑर्डरी थांबवल्या आणि सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हापासून सगळे तोंड शिवून बसतात.

खग्रास:
ऑसबॉर्नचं एवढं सरळ नाही. कायप्रो या स्पर्धक कंपनीचं मशीन तेव्हा मोठा पडदा घेऊन बाजारात आलं होतं, गिऱ्हाइक तिकडे जात होतं. घोषणेने एकट्याने कंपनी बुडवली हे सोयीचं सांगणं आहे.

कप्पीदोरी:
स्पर्धा होतीच, पण रोख पैसा आटला तो ऑर्डरी थांबल्यामुळे. वेगळा धागा काढा, बोलू.

निरभ्र:
थांबावं असंच माझं मत. आणि बिल ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने ॲपमध्ये खातं काढा.

सावली:
बहुमत प्री-ऑर्डर नको असंच दिसतंय. माझं मत गेल्या वर्षीच्या फ्लॅगशिपला.

पाऊलखुण:
काल दुकानात जाऊन दोन्ही हाताळले. बाराखडी म्हणाले तसे फोटो काढले, माझी मुलगी तिथे इकडून तिकडे पळत होती. घरातल्यासारख्या कमी उजेडात मोठा फोन किंचित सरस, बाहेरच्या उजेडात फरक कळला नाही. पण मोठा फोन माझ्या एका हातात राहतच नाही. अंगठा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि माझ्या दुसऱ्या हातात बहुतेक वेळा मूल असतं. हे घरी बसून कुठलाही तक्ता वाचून लक्षात आलं नसतं.
म्हणून नव्या मालिकेतल्या लहान फोनची प्री-ऑर्डर केली. तुम्ही जवळजवळ सगळ्यांनी नको म्हटलंय याची कल्पना आहे. हिशेबात फक्त ५१२ जीबी आणि जास्तीचं एक वर्ष अपडेट धरलं. इअरबड्स शून्य, एआय शून्य. एक्सचेंज केलं नाही. तपासणीनंतरचा भाव फारच कमी सांगितला. जुना फोन सिम काढून गाणी ऐकायला ठेवते, बँकेचं ॲप त्यावरून उडवलं. फोन परत करायची मुदत आणि अटी बिलावर छापून घेतल्या, पहिल्या आठवड्यात बॅटरी तापली किंवा उतरली तर सरळ परत.

रानपाखरू:
प्री-ऑर्डर केलीत हे बेस्ट. पण अल्ट्रा हवा होता.

खग्रास:
अभिनंदन, पण मी थांबलो असतो. पहिले काही दिवस रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका.

काउंटरवाला:
चांगलं केलंत, हातात बसणारा फोनच वापरला जातो. डबा उघडताना सीलसकट व्हिडिओ काढा आणि आयएमईआयचं स्टिकर डब्यावरून फाडू नका, परत करताना आधी तेच बघतात. इअरबड्स शून्य धरलेत तरी अर्ज भराच; मुदत काही ठिकाणी बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि काही ठिकाणी फोन चालू केल्यापासून, तुमच्या ऑफरच्या अटींत कोणती आहे ते आजच बघून ठेवा.

पाऊलखुण:
बघितलं. बिलाच्या तारखेपासून आहे. खातं माझ्याच नावाने काढलंय.