मदत हवी आहे: बॅटरीवरचं रिमोट विमान दोनदा उसात पडलं, चूक कुठं होतेय? (पलूस, जि. सांगली)

तांब्याची तार:

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहितोय, शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

पलूसला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीची मोटार, हे रोजचं काम. दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या लेकीनं मोबाईलवर रिमोटचं विमान दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा, यात पण मोटारच आहे की. आपण करूया ना."

मोटार मागवली आणि हातात आल्यापासून मी तिच्यातच गुंतलोय. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. वाइंडिंग आत, जागेवर स्थिर. बाहेरचा डबाच फिरतो आणि त्याच्या आतल्या कडेला चौदा मॅग्नेट चिकटवलेले. स्टेटरला बारा दात, बाहेर तीन वायरी. त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की उलटी फिरते, अगदी आपल्या थ्री फेजसारखी. लेबलवर २२१२, १३टी (म्हणजे तेरा टर्न), १०००केव्ही लिहिलंय. केव्ही म्हणजे मोकळी फिरताना एका व्होल्टला किती आरपीएम. त्याच मापाची ६टीची मोटार २२००केव्ही येते. तेरा गुणिले हजार आणि सहा गुणिले बावीसशे करून बघा, उत्तर जवळपास एकच. टर्न कमी केले की वेग वाढतो हे रोज हातानं करतो, पण आमचा मोनोब्लॉक २८८०ला फिरतो आणि ही ११.१ व्होल्टवर अकरा हजारांच्या घरात जाते. आठवडाभर दुकानात येईल त्याला दाखवत होतो.

बाकी सामान: ३० अँपिअरचा ईएससी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट), १० बाय ४.५ इंची पंखा (प्रोपेलर), थ्री सेल २२०० एमएएचची लिपो बॅटरी, नऊ ग्रॅमचे चार सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी), फ्लायस्कायचा सहा चॅनेलचा रिमोट. विमान लेकीनं नेटवरच्या नकाशावरून कापलं. सांगलीत फ्लेक्सवाल्याकडं ३ मिमीचा सनबोर्ड मिळाला, तोच वापरला. पंख एक मीटर लांब, १८ सेंमी रुंद, बॉडीच्या वर बसवलेला. सगळं मिळून वजन १३५० ग्रॅम. बॅटरी बरोबर पंखाच्या मध्याखाली ठेवली. तोल बोटांवर बघितला, तर पुढच्या कडेपासून ९ सेंमीवर विमान आडवं राहतं. मध्यावर आलं म्हणून आम्ही खूश झालो.

पहिल्यांदा लेकीनं पळत जाऊन सोडलं. नाक वर, आणखी वर, मग जागच्या जागी थबकल्यासारखं झालं, डावा पंख पडला आणि गिरकी घेत खाली. दुसऱ्यांदा फुल थ्रॉटल दिला तरी तेच, फक्त पाच-सहा सेकंद जास्त टिकलं आणि शेजारच्या ८६०३२ जातीच्या उसाच्या फडात गेलं. ऊस दहा फुटांच्या वर. दोन तास सऱ्या धुंडाळल्या. अंधार पडला, दोघांचेही हात पाल्यानं कापले होते, आणि विमान मात्र सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊसतोडीच्या एका मावशींनी आणून दिलं. नाक चेपलं होतं आणि बॅटरी रात्रभर जोडलेलीच राहिली. आता ती उशीसारखी फुगलीय, मीटरवर एकूण साडेसहा व्होल्ट दाखवते.

म्हणून विचारतोय. चूक विमानात आहे की माझ्या चालवण्यात? बॅटरी हळूहळू चार्ज करून परत आणता येईल का? मोटारीचे टर्न कमी करून ताकद वाढवू का, ते तर घरचंच काम आहे. आणि आमच्याकडं चहूकडं ऊस, तारा, बोअर, द्राक्षाचे मांडव. उडवायचं कुठं? कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या माळावर कुणी जातं का?

लेक दोन दिवस गप्प होती. काल तिनं स्वतःच पुढचं नाक पुन्हा कापायला घेतलं. तिचा हुरूप टिकावा एवढंच मनात आहे.

कृष्णाकाठ:

सगळ्यात आधी बॅटरी. दादा, ती चार्जरला लावू नका. तीन सेलचे साडेसहा म्हणजे एका सेलला २.२ व्होल्टसुद्धा नाहीत, वर फुगलीय. अशी लिपो चार्ज करताना पेटते आणि तुमच्या दुकानात वार्निश, थिनर असणार. आत्ताच्या आत्ता बाहेर वाळूच्या बादलीत ठेवा. नंतर गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब लावून पूर्ण उतरवा, टोकांना टेप मारा आणि ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत टाकू नका.

नवीन घ्याल तेव्हा बॅलन्स चार्जरच (सगळे सेल सारखे भरणारा) घ्या, मोटारसायकलच्या बॅटरीचा चार्जर नाही. २२०० एमएएचला २.२ अँपिअर, त्याच्या वर नाही. भरल्यावर सेलला ४.२, उडवून उतरल्यावर ३.६-३.७च्या खाली जाऊ द्यायचं नाही, आठवडाभर ठेवायची तर ३.८वर. पाच मिनिटांचा टायमर लावून उडवा. शंभरेक रुपयांना व्होल्टेजचा बझर मिळतो, बॅलन्सच्या पिनेला लावून ठेवा. बॅटरी उतरत आली की ओरडतो, आणि उसात पडलं तर त्याच आवाजावर विमान सापडतं. मला माझं एकदा असंच सापडलंय, भिलवडीच्या पुढं.

जुना कॅडेट (सातारा):

मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग केलंय, त्या अनुभवावर लिहितो. तुमचं चालवणं अजून सुरूच झालेलं नाही दादा, तेव्हा दोष तुमचा नाही. विमानात दोन गोष्टी चुकल्यात आणि तुम्ही दोन्हींची मापं नीट दिलीत, त्यामुळं सांगणं सोपं आहे.

पहिली तोलाची. १८ सेंमी रुंदीच्या पंखाला तोल पुढच्या कडेपासून साडेचार ते साडेपाच सेंमीवर हवा. तुमचा ९वर आहे, म्हणजे शेपूट जड. अशा विमानाचं नाक वर जातं, वेग मरतो, पंखावरची हवा सुटते आणि एक पंख पडतो. डावाच पडला कारण थ्रॉटल पूर्ण होता आणि पंखा फिरतो त्याच्या उलट बाजूला मोटार विमानाला ढकलते. बॅटरी पार नाकात सरकवा. मोटारसुद्धा दोन-तीन अंश उजवीकडं आणि तेवढीच खाली कलती बसवा, फायरवॉलच्या (मोटार जिच्यावर बसते त्या पट्टीच्या) स्क्रूखाली वॉशर टाकून जमतं.

दुसरी वजनाची. तुमचा पंख १८ चौरस डेसिमीटर. १३५० भागिले १८ म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ७५ ग्रॅम. शिकायच्या विमानाला हा आकडा ३० ते ४० असावा. ७५ला नुसतं हवेत टिकायलाच ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. तेच विमान ७०० ग्रॅमचं असतं तर ताशी २८-२९ किलोमीटर वेगावर काम झालं असतं. नववीतल्या मुलीच्या हातून ४०चा वेग कसा निघेल? सनबोर्ड पाट्यांसाठी ठीक, विमानासाठी फार जड. स्टेशनरीच्या दुकानात दोन्ही बाजूंना कागद असलेला फोमबोर्ड मिळतो, ५ मिमीचा. किंवा डेप्रॉन, म्हणजे हलक्या फोमचा पत्रा. गोंद हॉट ग्लूचा, तोही बेतानं. तुमची मोटार, बॅटरी, सर्वो सगळं मिळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे सांगाडा चारशेत बसवायचा. प्रत्येक तुकडा कापला की सराफी काट्यावर ठेवायची सवय मुलीला लावा, आम्हाला हेच पहिलं शिकवलं होतं. पंखाची टोकं दोन्हीकडं तीन-चार सेंमी वर उचलून चिकटवा, विमान आपोआप सरळ होतं.

मोटारीचे टर्न कमी करू नका. ती या पंख्यावर आठ-नऊशे ग्रॅम ओढते, ७५० ग्रॅमच्या विमानाला भरपूर आहे. टर्न कमी करून तोच १० इंची पंखा ठेवलात तर करंट इतका वाढेल की ईएससी धूर सोडेल. वेगवान मोटारीला पंखा सहा इंची लागतो, आणि तसलं विमान शिकायला घेऊ नये.

आणि काहीही सेटिंग करताना पंखा काढून ठेवा. रिमोट चालू, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट. मुलीनं सोडताना हात पंखाच्या मागं, बॉडीच्या खाली.

यवतेश्वर:

जागेबद्दल. पलूसला आत्ताच संधी आहे, ऊस तुटलेली रानं मोकळी आहेत. मालकाला विचारून पाचट न पेटवलेलं रान बघा, विमान पडलं तरी गादीवर पडल्यासारखं. जवळून विजेच्या तारा जात असतील तर ते रान सोडा. सकाळी सात ते साडेआठ. नंतर वारा उठतो आणि घारी फिरायला लागतात. घार विमानावर झेप घेते, हे मी स्वतः बघितलंय.

कवलापूरला कुणाची परवानगी लागते ते विचारल्याशिवाय जाऊ नका. साताऱ्याकडं यायचं म्हणाल तर चाळकेवाडीला पवनचक्क्या का उभ्या केल्यात ते लक्षात घ्या, तो वारा नवशिक्याचा नाही. कासला मुळीच नको, ते पठार जपण्यासाठी आहे. २०२१च्या ड्रोन नियमांत अशी मॉडेल विमानंही येतात, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का बघा. तिथं १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. कऱ्हाडचं विमानतळ आहे, त्या बाजूला जाल तर नकाशा बघूनच. नोंदणीचा भागही नियमांत वाचून घ्या.

कृष्णाकाठ:

एक राहिलं. रिमोटला यूएसबी केबल लावून संगणकावर सिम्युलेटर चालवा, दोघांनीही, रोज अर्धा तास. विमान आपल्याकडं तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि तिथंच सगळे पडतात. त्यावर उपाय: जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला काडी ढकलायची, विमान सरळ होतं. हे बोटांत बसेपर्यंत मोटार लावू नका.

तांब्याची तार:

तिघांचेही मनापासून आभार. त्याच रात्री बॅटरी बाहेर वाळूत ठेवली, बल्बवर उतरवली.

तीन आठवडे लागले. फोमबोर्ड आणला, लेकीनं सगळं नव्यानं कापलं. समोरच्या सराफकाकांनी काटा वापरू दिला, तिनं वहीत तुकड्यागणिक वजन लिहिलंय. एका सर्वोची पट्टीच नऊ ग्रॅम जास्त भरली म्हणून तिनं ती फाडून पुन्हा केली. एकूण ७६०. तोल ५ सेंमीवर, बॅटरी अगदी मोटारीच्या पाठीला टेकलीय.

आज सकाळी तुटलेल्या फडात मोटार न लावता नुसतं हातानं सोडलं. पहिल्या वेळी नाक किंचित खाली गेलं, एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) दोन मिमी वर घेतला. नंतर सलग सहा वेळा सरळ गेलं, कुठलाच पंख पडला नाही. शेवटचं लेकीनं मोजलं, एकवीस पावलं, आणि पाचटात बसलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. सिम्युलेटरवर ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढं आहे, त्यामुळं पहिलं उड्डाण रिमोट तिच्या हातात आणि सोडायचं काम माझं, असं ठरलंय.

पुढच्या रविवारी पंखा लावतोय. त्याआधी एक विचारायचं होतं: रिमोटचा सिग्नल तुटला तर मोटार आपोआप बंद व्हावी असं रिसिव्हरमध्ये ठरवता येतं ना? ते लावून झाल्यावर तपासायचं कसं, रिमोट बंद करून बघायचं का? आणि पलूस, भिलवडी, कुंडल भागातलं कुणी असेल आणि सकाळी सातला येऊ शकत असेल तर फार बरं होईल. चहा घरचा.