संक्रांतीच्या वाणाचं काय करू? टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्यात राहते, दोन बेडरूमचा फ्लॅट आणि घरात सासूबाईंसकट आम्ही पाच जण. रथसप्तमी झाली, यंदाची हळदीकुंकवं आटोपली आणि काल माळ्यावरची वाणाची पेटी खाली काढली तर मोजतामोजता रडूच यायला लागलं. ९ साबणाच्या डब्या, १४ छोटे प्लास्टिकचे डबे, ६ चहाच्या गाळण्या, ४ करंडे आणि ३१ ब्लाऊजपीस! ब्लाऊजपीस तर घड्या तशाच ठेवून घडीवर पिवळे पडलेत, काहींना स्टेपलच्या पिनेचा गंज उमटलाय. एक गाळणी वापरायला काढली तर दुसऱ्याच दिवशी जाळी कडेनं सुटली.

सासूबाई म्हणतात वाण हा सवाष्णीला दिलेला मान, तो कचऱ्यात टाकायचा नाही, आणि मलाही ते पटतं. प्रत्येकीनं घरखर्चातून पैसे काढून, बाजारात फिरून हे आणलेलं असतं. पण त्याच सांगतात की त्यांच्या माहेरी वाण म्हणजे सुगड, त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गाजर, तीळ, सगळं खाऊन संपायचं आणि उरायचं ते मातीचं भांडं. आता उरतं ते प्लास्टिक.

दुसऱ्याला द्यायचं म्हटलं तर गेल्या वर्षी फार वाईट अनुभव आला, न उघडलेला एक डबा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाण म्हणून दिला आणि झाकणाच्या आत त्यांच्याच सुनेच्या नावाची चिठ्ठी निघाली. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा अजून आठवतो.

तर ब्लाऊजपीसचं काय करता तुम्ही? प्लास्टिक कुठे देता? आणि पुढच्या वर्षी मी काय लुटू म्हणजे माझं वाण कुणाच्या माळ्यावर जाणार नाही? "कामवाल्या मावशींना देऊन टाक" असं कृपया नका सांगू, मी विचारलं होतं, त्या म्हणाल्या ताई मला सहा घरांतून हेच मिळतं, माझं घर तुमच्याहून लहान आहे.

प्रतिसाद:
ताई, आधी ब्लाऊजपीस वेगळे करा. कडेचा एक दोरा ओढून काडीनं जाळून बघायचा, कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सुती, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. सुती धुवून खळ काढा आणि गोधडीला वापरा, आमच्या आईनं अशा तुकड्यांची नातवाला दुपट्याएवढी गोधडी शिवली, ती रोज धुतली जाते तरी टिकलीय. पॉलिस्टरची गोधडी नका करू, घाम शोषत नाही. त्याचे नाडीचे बटवे शिवा, प्रवासात चपला, चार्जर ठेवायला छान. नारळासारखं जड काही भरू नका, शिवण उसवते.

प्रतिसाद:
डब्यांच्या बुडाला त्रिकोणात आकडा बघा. ५ असेल तर पॉलीप्रॉपिलीन, ते भंगारवाले घेतात, फक्त धुवून सुकं द्या आणि एकत्र साठवून द्या, दोन डब्यांसाठी कुणी थांबत नाही. आकडाच नसेल तर त्यात खायचं ठेवू नका, खिळे, सुया, शिवणाचं सामान ठेवा. पुण्यात असता तर सांगितलं असतं की स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे जुन्या वस्तू गोळा करायचे कार्यक्रम असतात. आणि अंगणवाडीला द्यायचं असेल तर आधी जाऊन विचारा, नको असलेलं तिथे नेऊन टाकलं की त्यांना उचलायचं काम.

प्रतिसाद:
आमच्या सोसायटीत हळदीकुंकवानंतरच्या रविवारी जिन्याखाली टेबल मांडतो, जिला नको ती ठेवते, जिला हवं ती नेते, कुणी कुणाचं नाव विचारत नाही. चिठ्ठ्या आधीच काढून टाकायच्या! तुमच्या काकूंशी एकदा बोला मात्र, तुम्हाला लागून राहिलंय तसं त्यांनाही राहिलं असेल.

मूळ प्रश्न विचारणारी:
खूप आभार सगळ्यांचे. आज संध्याकाळी काकूंकडे गेले, सरळ माफी मागितली, त्या म्हणाल्या अगं माझ्याकडे पण पेटीभर आहे, टेबल मांडू आपण दोघी. ३१ मधले १९ सुती निघाले, गोधडीची सुरुवात सासूबाई करणार आहेत. पुढच्या वर्षी मी पावशेर गूळ आणि मूठभर तीळ लुटायचं ठरवलंय, कागदाच्या पुडीत.

आता फक्त करंडे राहिले. चंदेरी मुलामा उडालाय, आतून गंज धरलाय त्यामुळे कुंकू ठेवता येत नाही, आणि भंगारवाल्यानं वजनाला काही नाही म्हणून परत केले. कुणी केलंय का याचं काही?