स्मार्ट सिटी म्हणजे नुसते कॅमेरे नव्हेत

कुणीतरी म्हणालंय की हाँगकाँग सरकारच्या ईएमएसडी (विद्युत आणि यांत्रिकी सेवा) खात्याचा वार्षिक आढावा म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटणं. तेवढं चालायचंच हो, पण त्यांचं 'ग्विन' नेटवर्क बघाच, ठिकठिकाणच्या सेन्सरांचा डेटा गोळा करणारं, लोरा (कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणारं रेडिओ तंत्र) वर चालणारं, सरकारचं स्वतःचं, सेन्सर अगदी चिमूटभर डेटा पाठवतो म्हणून बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, मोबाइल कंपनीचं सिम नको की रस्ता खणून केबल नको. व्हिडिओ मात्र यातून जात नाही, म्हणजे कॅमेरावाल्यांच्या कामाचं नाही. आणि काई टाकचं डिस्ट्रिक्ट कूलिंग? जुन्या विमानतळाच्या जागेवर २०१३ पासून सुरू आहे, मध्यवर्ती प्लँटमध्ये समुद्राच्या पाण्याच्या मदतीने पाणी गार करून पाइपने इमारतींना पुरवतात, साध्या एअर-कूल्ड एसीपेक्षा ३५ टक्क्यांपर्यंत वीज कमी लागते म्हणे. मला तरी स्क्रीनवर आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डपेक्षा हेच जास्त स्मार्ट वाटतं.