कामगारांचा पगार थकला, काम बंद पडलं, आमचा ताबा पुन्हा लांबला. काय करता येईल?

भांडुपची_सून

सोडतीत घर लागलं त्याला चार वर्षं होत आली. पूर्व उपनगरातली सरकारी योजना आहे, नाव इथे लिहीत नाही. ताबा याआधी दोनदा पुढे गेला. या वेळच्या पत्रात कारण दिलंय: 'कामगारांच्या वादामुळे'.

मी सीएसएमटीला नोकरीला आहे. संध्याकाळी परतताना उजव्या दाराशी उभी राहिले की आमची बिल्डिंग दिसते. बावीस मजल्यांचा सांगाडा, प्लास्टर दहाव्यापर्यंत. आज एक्केचाळीस दिवस झाले, वरच्या क्रेनचं तोंड डोंगराकडेच आहे. कॅलेंडरवर खुणा करतेय.

भाडं 16,000. अकरा महिन्यांचा करार तिसऱ्यांदा संपत आलाय आणि दर वेळी एजंटला महिन्याचं भाडं द्यावं लागतं. बँकेने काही हप्ते योजनेत भरलेत, त्यामुळे न मिळालेल्या घराचं व्याज सुरू झालंय. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत आणि आम्ही राहतो ती बिल्डिंग बिनलिफ्टची, तिसरा मजला. गणपतीनंतर त्या फक्त दोनदा खाली उतरल्यात, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी.

गेल्या रविवारी मी साईटवर गेले. ऑफिसमधला माणूस म्हणाला, कामगारच येत नाहीत, आम्ही काय करणार? पण कामगार बाहेरच होते, पत्र्याच्या कुंपणाला टेकून बसलेले. परभणीकडचा एक गवंडी भेटला, बायको त्याच साईटवर घमेली उचलते. त्याने हजेरीची वही दाखवली. तीन महिन्यांचा पगार बाकी, हातात फक्त आठवड्याची हजार रुपये खर्ची, आणि तीही बंद झालेली. म्हणाला, "ताई, किराणावाल्याने उधारी बंद केली, त्या दिवशी आम्ही काम बंद केलं."

विजेत्यांच्या ग्रुपवर आता ठरतंय की मोर्चा नेऊन या लोकांना गेटवरून उठवायचं. ती वही पाहिल्यापासून मला ते पटत नाही. पण गप्प बसून ताबाही मिळणार नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कामगारांचा वाद हे कारण उशिरासाठी कायद्याने चालतं का? आणि त्यांचे पैसे मिळून काम सुरू व्हावं म्हणून आम्हा घर लागलेल्यांना काही करता येतं का?

मुलुंड_वेस्ट

ताई, तुमचे हाल समजतात, मीही सहा वर्षं अशीच काढली. पण मी तुमच्या ग्रुपच्या बाजूने आहे. गेट मोकळं करा, दुसरे कामगार आणा. मुंबईत रोज सकाळी नाक्यानाक्यावर माणसं उभी असतात.

साईटवाला

एकोणीस वर्षं सुपरवायझर आहे म्हणून लिहितो. नाक्यावरचा माणूस दिवसाच्या रोजावर येतो, खोदाई, भराई, मलबा उचलायला. बाराव्या मजल्याच्या बाहेरचं प्लास्टर त्याच्याकडून होत नाही. त्याला परांचीवर एकत्र काम केलेली टोळी लागते. आणि अर्धवट कामावर नवी टोळी सहजी येत नाही. आधीच्यांचं माप कुठे संपलं नि आमचं कुठून सुरू, यावर पहिल्याच दिवशी भांडण. शिवाय आधीच्यांचे पैसे बुडालेत हे कळल्यावर नवा मुकादम मोठी उचल मागतो. टोळी बदललेल्या दोन साईट मी पाहिल्यात. दोन्हीकडे काम आणखी मागे पडलं.

पैसा मुख्य ठेकेदाराकडून उपठेकेदाराकडे, तिथून मुकादमाकडे, मग कामगाराच्या हातात पडतो. झालेल्या कामाचं चालू बिल वर अडकलं की वरचा दोन-तीन महिने दम धरतो. खालच्याकडे आठवड्याचीही शिल्लक नसते. तेव्हा भांडण गेटवर दिसतं, पण अडलेलं असतं दुसरीकडेच. पैसा नक्की कोणत्या पायरीवर थांबलाय ते आधी शोधा.

आणखी एक. वरच्या मजल्यांवर सळया उघड्या असतील तर त्यांना सिमेंटचा घोळ लावून ठेवला आहे का, हे लेखी विचारा. पाऊस खाल्लेल्या गंजक्या सळईवर तसंच काँक्रीट ओतलं तर त्रास पुढे तुम्हालाच आहे.

निवृत्त_निरीक्षक

कामगार खात्यात नोकरी झाली. क्रमाने लिहितो.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळायलाच हवा. ठेकेदाराने दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याने काम दिलं त्याच्यावर येते. त्याने तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे कलम 21 मध्ये होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही (नव्या कामगार कायद्यांमध्येही) ही जबाबदारी कायम आहे. योजना राबवणारी सरकारी यंत्रणा इथे मुख्य मालक ठरते, तिला 'आमच्या हातात नाही' म्हणता येत नाही. मात्र दावा कामगारांनी किंवा त्यांच्या संघटनेने करायचा असतो. ती हजेरीची वही मोठा पुरावा आहे, सगळ्यांच्या वह्यांचे फोटो आजच काढून ठेवायला सांगा.

उशिराबद्दल: तुमच्या योजनेची महारेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी असेल तर संकेतस्थळावर काम पूर्ण करण्याची तारीख पाहा. रेरा कायद्याच्या कलम 6 मध्ये अपरिहार्य आपत्ती म्हणून युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि इतर नैसर्गिक आपत्ती एवढंच धरलंय. संप त्यात नाही. प्रवर्तकाची (प्रकल्प उभारणाऱ्याची) चूक नसेल तर प्राधिकरण परिस्थिती पाहून जास्तीत जास्त एक वर्ष वाढवून देऊ शकतं. पण पगार थकल्यामुळे काम थांबलं असेल तर 'चूक नाही' हे सिद्ध करणं कठीण.

माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ठेकेदाराला आजवर दिलेल्या बिलांच्या तारखा आणि रकमा मागा, दिलेल्या नोटिसाही मागा. साईटवाले म्हणतात ती पायरी त्यातच सापडेल.

त्या गवंड्याला हेही सांगा की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं. वय 18 ते 60, मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर याच लोकांसाठी गोळा होतो आणि हजारो जण नोंदणीविना राहतात. नोकरीत असताना याचं फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

परळचा

माझे वडील कापड गिरणीत साच्यावर (मागावर) होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. बाजूच्या चाळीतले ओळखीचे लोकही म्हणायचे, यांच्यामुळे धंदा बसला. वडिलांना संपापेक्षा ते जास्त लागलं. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी 2012 मध्ये 6,925 घरांची सोडत निघाली, आमचं नाव लागलं नाही. वडील आता नाहीत. ताई, तो मोर्चा गेटवर नेऊ नका. न्यायचाच तर कार्यालयावर न्या, आणि त्या माणसांना बरोबर घ्या.

भांडुपची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. निरीक्षक काका, तुमचं उत्तर छापून ग्रुपवर वाचून दाखवलं. त्यावरून योजनेच्या यंत्रणेला पत्र लिहिलं, त्रेसष्ट जणांपैकी एकोणीस जणांनी त्यावर सह्या केल्या. बाकीचे म्हणतात आधी गेट. परळचे दादा, तुमचं लिहिणं वाचल्यावर आणखी दोघी सही करायला आल्या.

महारेरावर पाहिलं, नोंदणी आहे आणि तारीख उलटून गेलीय. माहिती अधिकाराचा अर्ज काल टाकला, सळयांचा प्रश्न पत्रात वेगळा लिहिला. काल संध्याकाळी पुन्हा साईटवर जाऊन सत्तावीस जणांच्या वह्यांचे फोटो काढले. चौघांच्या वह्या भिजून शाई उतरलीय, त्यांचे दिवस बरोबरच्यांनी आठवून सांगितले, ते वेगळ्या कागदावर उतरवून घेतले. भिजलेल्या वह्या दाव्यात चालतील का काका, एवढं जरूर सांगा. त्यांची संघटना नाही. सोमवारी त्यांच्यातले तिघे आणि आम्ही पाच जण कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातोय, त्यासाठी रजा टाकलीय.

भाड्याचा करार 14 तारखेला संपतोय. घरमालकाला आज पुढच्या अकरा महिन्यांसाठी हो म्हटलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.