मदत हवी आहे: पावसाने शाळा बंद, वन बीएचकेत दोन पोरं आणि माझे कॉल्स

भांडुपची_माऊ

मंडळी, आयडिया हव्यात, त्यापण आजच्या आज. थोरला सात वर्षांचा, दुसरीत. धाकटी चार पूर्ण, ज्युनियर केजी. रेड अलर्ट आला की पालिका सुट्टी देते त्याबद्दल तक्रार नाही, पाण्यातून स्कूलबस काढण्यापेक्षा पोरं घरी बरी. पण मेसेज येतो तोवर डबे भरून झालेले असतात आणि माझ्या ऑफिसला काही रेड अलर्ट नसतो. २०२५ चा ऑगस्ट आठवतोय ना, १८ तारखेला दुपारच्या सत्राला सुट्टी आणि १९ ला सगळ्याच शाळा-कॉलेजं बंद, मोनोरेल अडकली होती तोच दिवस. तेव्हा धाकटी दुपारची झोपायची तरी. आता झोप म्हटलं तर मलाच थोपटायला लागते.

घरची परिस्थिती सांगते म्हणजे अंदाज येईल. हॉलमध्ये दोरीवर ओले कपडे, त्यामुळे अर्धा हॉल गेलाच. कंपाउंडमध्ये पाणी, त्यामुळे खाली पाठवायचा प्रश्न नाही. खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, स्वभावाने चांगले, पण वर धप्प झालं की इंटरकॉम वाजलाच, आणि त्यांचं तरी काय चुकतं, दिवसभर डोक्यावर कोण उड्या सहन करेल. नवरा लॅबमध्ये, त्याला सुट्टी नाही. सासूबाई आहेत पण गुडघे दुखतात, बसल्या जागी जे होईल ते हौसेने करतात, मागे धावायचं काम त्यांना सांगवत नाही. मला दहा ते एक सलग कॉल्स, कॅमेरा ऑन.

इंटरनेटवरचे क्राफ्ट करून झाले. रंगीत तांदूळ मांडायला अर्धा तास, खेळ दहा मिनिटं, आणि मग सोफ्याखालून तांदूळ निघतायत ते निघतायतच. त्यात जे थोरल्याला आवडतं ते धाकटीला जमत नाही, मग ती त्याचं फाडते, मग तो तिला ढकलतो, मग मी म्यूट करून ओरडते. टीव्हीवर लेक्चर नको प्लीज, डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं चांगलं, मला माहितेय. तो तास मी वापरणारच आहे. प्रश्न उरलेल्या वेळाचा आहे.

तर घरात जे आहे त्यातून, आवाज न करता, दोघांना एकत्र आणि शक्यतो माझ्याशिवाय. आहे का काही?

दोन_पोरांचा_बाबा

आधी त्यांची रग जिरवा, बाकी सगळं नंतर. शाळा असली की पळापळ होते, ती झाली नाही तर कुठलाच बैठा खेळ टिकणार नाही. आणि रग जिरवायला उड्याच लागतात असं काही नाही. आमच्याकडे जुनी जाड चादर लादीवर टाकतो, धाकटा तिच्यावर बसतो, मोठी ओढते, किचनच्या दारापासून बेडरूमपर्यंत आणि परत. खाली आवाज शून्य, आणि ओढणाऱ्याचा असा घाम निघतो की मैदानावर निघत नाही. मग अदलाबदल, धाकट्याला ओढता येत नाही म्हणून तो चादरीवर उशा आणि बाहुल्या घालून नेतो, त्याचा टेम्पो. एवढंच की टीपॉय आणि स्टुलं आधी बाजूला करा.

दुसरं म्हणजे मोज्यांचे गोळे करून कपड्यांच्या टबात नेम धरून टाकायचे. थोरल्याला लांबून, धाकटीला जवळून. हे सगळं साडेनऊच्या आत उरका, दहाला तुम्ही कॉलवर बसाल तेव्हा पोरं आपोआप बसायच्या मूडमध्ये असतील. असतील म्हणजे, असावीत 😄

बालवाडीताई

माऊ, बरीच वर्षं बालवाडीवर काढली आहेत म्हणून सांगते. दोघांना एकच काम देऊ नकोस, एकच सामान दे आणि कामं वेगळी दे. म्हणजे परातीत राजमा, छोले, वाल, वाटाणे एकत्र करून ठेव. धाकटीने वेगवेगळ्या वाट्यांत निवडायचे, थोरल्याने तिच्या वाट्यांतले दहा-दहाचे ढीग करून मोजायचे आणि लिहायचे. त्याला मोजायला मिळण्यासाठी तिने निवडायला हवं, म्हणून तो तिला हाकलत नाही, उलट लाडीगोडी लावतो. फक्त दाणे नाकाकानात जात नाहीत ना यावर कुणाचं तरी लक्ष हवं, सासूबाई समोर बसल्या तर उत्तमच. आणि खाली जुनी चादर अंथर, झालं की चार कोपरे उचलायचे, झाडू नको. (वरची टेम्पोवाली चादर चालेल.)

खेळायची कणीक घरीच कर. वाटीभर मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी, रंगाला हळद किंवा बिटाचा रस. दुकानातल्यासारखीच होते. पावसाळ्यात बाहेर ठेवलीस तर बुरशी धरेल, डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेव. मीठ भरपूर आहे त्यामुळे तोंडात घालणाऱ्या वयाला देऊ नये, चार वर्षांच्या मुलीला सांगून कळतं.

आणि अर्धी खेळणी आजच पिशवीत भरून माळ्यावर टाक. पुढच्या सुट्टीला काढ. महिनाभर न दिसलेली गाडी नव्या गाडीइतकीच चालते.

कशाला_एवढं

एक दिवस टीव्ही बघितला तर काय बिघडतं? आम्ही काय कमी बघितला का. पोरांना सतत गुंतवून ठेवायचं हे नवीनच खूळ आहे. कंटाळू देत की, कंटाळली की शोधतात आपापलं.

भांडुपची_माऊ

@कशाला_एवढं तत्त्व म्हणून मान्य, पण माझी पोरं कंटाळली की एकमेकांना शोधतात हो, आणि मी तेव्हा क्लायंटसमोर असते.

बालवाडीताई, ते वेगवेगळ्या कामांचं एकदम पटलं. कणीक आजच मळते.

आजी_ऑनलाइन

अगं, सासूबाई बसून करू शकतात हे तर सगळ्यात मोठं भांडवल आहे तुझं. त्यांना पोरं सांभाळायला नको देऊस, पोरांना त्यांच्या हाताखाली दे. लसूण सोलणं, पालेभाजी निवडणं, भिजवलेले मूग फडक्यात बांधणं. मुगाला दुसऱ्या दिवशी मोड दिसतात, पोरं फडकं उघडून उघडून बघतात, बघू देत. खोटीखोटी कामं मुलांना लगेच ओळखू येतात. आपण निवडलेली भाजी ताटात आली की माझा नातू सगळ्यांना सांगत सुटतो, आणि चक्क खातोसुद्धा.

पत्ते काढा. चार वर्षांच्या मुलीला भिकार-सावकार मस्त जमतो, त्यात अक्कल लागतच नाही, सगळा नशिबाचा खेळ, त्यामुळे ती दादाला खुशाल हरवते. थोरल्याला गड्डा झब्बू शिकव. आणि लादीवर खडूने पाच बाय पाचची घरं आखून अष्टाचल्लस. कवड्या नसतील तर चिंचोके दुभंगून घ्या, एक बाजू काळी, एक पांढरी, झाले फासे. आम्ही चाळीत अख्खा पावसाळा यावर काढायचो. घरं कशी चालायची ते सासूबाईंना विचार, त्यांना नक्की येत असेल आणि शिकवताना कॉलर ताठ होईल ती वेगळी.

कुलाबा_ते_सांताक्रूझ

थोरल्यासाठी माझ्याकडून एक. पाऊस मोजायला लावा.

दोन लिटरची सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा, तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. कापायचं काम मोठ्यांनी करायचं, आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, ती कड पातीसारखी धारदार असते. बाटलीचा तळ खड्डे-उंचवट्यांचा असतो, म्हणून तळाशी थोडे खडे टाका, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी ओता आणि तिथे मार्करने शून्य लिहा. खड्यांनी वजनही येतं, वाऱ्याने पडत नाही. शून्यापासून वर पट्टी चिकटवा. जितके मिलिमीटर पाणी चढेल तितके मिलिमीटर पाऊस. बाटली जाड असो की बारीक, अंग वरपासून खालपर्यंत सारखं असलं की झालं, कारण मोठ्या तोंडात पाणी जास्त पडतं पण ते पसरतंही तेवढंच. हे माझ्या मुलीला पटेना, म्हणून तिने दोन वेगळ्या बाटल्या शेजारी ठेवून बघितलं आणि मग आम्हालाच समजावून सांगत बसली.

खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवू नका, वरच्या छज्जामुळे आकडा खोटा येतो. गच्ची हवी. हवामान खात्याचा कुलाबा आणि सांताक्रूझचा २४ तासांचा आकडा सकाळी साडेआठचा असतो, तुम्हीही साडेआठलाच वाचा, म्हणजे तुलना करता येते. वहीत तीन रकाने, कुलाबा, सांताक्रूझ, भांडुप. ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.४ च्या पुढे त्याहून वरची पायरी. बातम्यांत हे शब्द ऐकले की पोरगा तुम्हाला आकडा सांगेल.

आणि घरातल्या घरात एक गंमत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. भिंतीवर टेपने ९४ सेंटिमीटर आणि वर थोडं असं मोजून खूण करा आणि धाकटीला शेजारी उभं करा, साधारण कपाळापर्यंत येईल. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तिच्या घोट्याच्या जरा वर. एकाच शहरात. ती दुसरी खूण केल्यावर आमच्याकडे पुढचा तासभर प्रश्न संपले नव्हते.

दोन_पोरांचा_बाबा

वा, ही बाटली मीच करणार आता, पोरांना मिळाली तर मिळाली.

वाचणाऱ्या मुलांसाठी अजून एक, बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. दोन-चार गोष्टींची पानं प्रिंट काढून ठेवली तर स्क्रीन नको. दुसरीतल्या मुलाला धाकटीला वाचून दाखवायचं काम द्या, अडखळत का होईना वाचतो, तिला कळत नाही कुठे अडखळला ते.

भांडुपची_माऊ

लंच ब्रेकमध्ये लिहितेय. चादरगाडी हिट. थोरला असा दमला की स्वतःहून पाणी मागून बसला, हे आमच्याकडे होत नाही. इंटरकॉम एकदाच वाजला, तो पण आजोबांना पाण्याच्या टाकीचं विचारायचं होतं.

कडधान्याचा प्रयोग अकरापर्यंत छान चालला, मग वाल कुणी जास्त मोजले यावरून जुंपली. सासूबाईंनी दोघांना बाजूला घेऊन भिकार-सावकार काढला. त्यांना तो येतो हे मला लग्नानंतर आज कळलं, आणि त्या पत्ते लपवतात हे धाकटीला कळलं. कणकेचं मात्र जमलं नाही, पाणी जास्त झालं, हाताला चिकटतेय, मैदा वाढवू का?

बाटली कापून ठेवलीय. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि पावसाळ्यात ते गच्ची उघडू देत नाहीत, लहान मुलं असली तर अजिबातच नाही. त्यांना कसं पटवू?

बालवाडीताई

मैदा वाढव, एकेक चमचा, आणि वरून तेलाचा हात लाव. तरी चिकटली तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघ.

कुलाबा_ते_सांताक्रूझ

मुलांना गच्चीवर नेऊच नका, सेक्रेटरी बरोबर बोलतायत. बाटली वॉचमनकडे द्या, टाकीच्या आडोशाला नको, मोकळ्यात ठेवायला सांगा, आणि सकाळी तो पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला वर जातो तेव्हा पट्टीसकट फोटो पाठवेल. आमच्याकडे असंच चालतं. आता सेक्रेटरीच ग्रुपवर विचारतात, आज किती झाला.