तेल अवीवहून एका दिवसात सिझेरिया-हैफा-अक्को : आईबाबांना झेपेल का?

मनीषनगरवाला :
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ इस्रायलमधल्या रेहोवोतला पोस्टडॉक करून राहिला. आईबाबांचं तिकडे जाणं आतापर्यंत दोनदा रद्द झालं, एकदा तर व्हिसा हातात होता आणि तिकडची परिस्थिती बिघडली. आता भाऊ म्हणतो का सगळं शांत असलं तर मार्चमध्ये या, मीही सोबत जाणार. जेरुसलेम तो स्वतः दाखवणार आहे पण बाकी दिवस त्याची लॅब, त्यामुळे उत्तरेकडची समुद्रकाठची जुनी शहरं आम्ही तिघांनी एखाद्या डे ट्रिपने करावी असं चाललंय. एक टूर पाहिली, तिचं वेळापत्रक असं का सकाळी ७ ला तेल अवीवहून बस, सिझेरिया १ तास, हैफा ४५ मिनिटं, अक्को २ तास जेवण धरून, मग पार लेबनॉनच्या सीमेवरचं रोश हनिक्रा १ तास आणि संध्याकाळी ६-७ ला परत. गाइड इंग्रजीत बोलणार. बाबा ७१, उजवा गुडघा कुरकुरतो. आई ६६, रोज सकाळी अंबाझरीला चार किलोमीटर, ती आम्हा दोघांना मागे टाकते. बाबांचं म्हणणं, "दगडं आणि समुद्रच पाहाचा आहे तर हरिहरेश्वरले जाऊ ना बे, व्हिसा तर लागत नाही." कोणी केली आहे का ही ट्रिप? बसने जावं का ट्रेनने आपलं आपण?

तर्रीपोहे :
भाऊ मी केली आहे, २०१९ ला, अगदी हीच चार ठिकाणं. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती आहे का नाही तेही ठाऊक नाही. सगळ्यात मोठा लोचा म्हणजे कागदावरचा १ तास हा बस थांबल्यापासून मोजतात, त्यात ४० लोकं उतरणार, अर्धे बाथरूमच्या लाइनीत, मग गाइड गेटवर तिकिटं काढणार, म्हणजे खरे मिळाले ३५ मिनिटं. हैफात तर आम्हाला वरच्या रस्त्यावर उतरवलं, खाली बहाई धर्माच्या लोकांची बाग, तो सोनेरी घुमट, त्याच्या पलीकडे बंदर, फोटो काढा आणि चला. फोटो झकास आला पण बागेत पाय नाही ठेवला. आणि सगळ्यात वाईट अक्कोला, तिथे खरं पाहण्यासारखं इतकं आहे आणि दोन तासातला एक तास जेवणात गेला, तेही गाइडच्या ठरलेल्या हॉटेलात. तिथल्या जुन्या बोगद्याच्या तोंडाशी आलो आणि गाइड म्हणे आता वेळ नाही. मी अजून जळतो त्यावर.
माझं मत सरळ आहे, चार शहरं नको करू. रोश हनिक्रा उडव. तिथे पांढऱ्या खडकातल्या गुहा आहेत, छोटा रोपवे आहे, छान आहे, पण एका तासासाठी सीमेपर्यंत जाऊन येण्यात दिवस जातो आणि तणाव असला का सगळ्यात आधी तोच भाग बंद होतो. आणि बाप्पा, परराष्ट्र खात्याची सूचना पाहिल्याशिवाय काहीच बुक नको करू, पैसे परत मिळणारंच घे.

खापरखेडा_रिटायर्ड :
मी आयुष्यभर वीज केंद्रात सिव्हिल पाहिलं, त्यामुळे सिझेरियाबद्दल मला बोलू द्या, बाकी तुमचं चालू द्या. हेरोद राजानं इसवी सनाआधी साधारण २२ ते १० या काळात हे शहर आणि बंदर बांधलं, सम्राट ऑगस्टस सीझरचं नाव दिलं. गंमत अशी की तिथे नैसर्गिक बंदर नव्हतंच, उघडा सरळ किनारा. मग भर समुद्रात बांध घातले. कसे? लाकडाच्या मोठ्या पेट्या समुद्रात बुडवून त्यात काँक्रीट भरलं, आणि त्यातली राख थेट इटलीहून, नेपल्सजवळच्या पोझुओलीहून जहाजाने आणली. ज्वालामुखीची राख आणि चुना एकत्र आले की पाण्याखालीही घट्ट होतं. पोझोलाना हा शब्द त्याच गावावरून आलाय. आपण घर बांधताना पीपीसी सिमेंट आणतो ना, त्यातला दुसरा पी म्हणजे पोझोलाना, आणि कोराडी-खापरखेड्याची फ्लाय अॅश त्यातच जाते. ज्या राखेनं आमच्या बायकांचे वाळत घातलेले कपडे काळे केले तिची थोरली बहीण तिकडे समुद्रात उभी आहे असं मी नातवाला सांगत असतो. उभी म्हणजे आता आडवीच, बांध पुढे खचले आणि पाण्याखाली गेले, पाणबुडे जाऊन पाहतात.
जमिनीवर रोमन थिएटर आहे, त्यात आजही कार्यक्रम होतात, त्याच्या पलीकडे समुद्राला लागून रथांच्या शर्यतीचं मैदान. १९६१ साली त्या थिएटरात पायरी म्हणून वापरलेला एक दगड निघाला, त्यावर पाँटियस पिलाताचं नाव कोरलेलं, ज्यानं येशूला क्रूसावर द्यायचा हुकूम केला तो. तिथे ठेवलाय तो नमुना, मूळ दगड जेरुसलेमच्या म्युझियममध्ये, तिकडे जाणारच आहात तर पाहून घ्या. बाबांना सांगा की सावली नाही, टोपी घ्या. जागा बरीचशी सपाट आहे, गुडघ्याला त्रास फक्त थिएटरच्या पायऱ्यांचा, त्या चढल्याच पाहिजेत असं नाही. आणि जलसेतू चुकवू नका, तो पार्कच्या बाहेर थोडा उत्तरेला आहे, थेट वाळूत, तिकीट नाही. कमानींच्या सावलीत बसायला मिळतं.

अलिबागची_सून_धरमपेठेत :
एक महत्त्वाचं कोणी लिहिलंच नाही, वार कोणता? शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी संध्याकाळपर्यंत तिकडे शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, ट्रेन बंद. शुक्रवारी पार्कसुद्धा लवकर बंद होतात. तिकडे रविवार हा कामाचा दिवस, त्यामुळे रविवार ते गुरुवार यातला एखादा दिवस पकडा.
माझं माहेर अलिबागकडचं, तिथे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. हे लहानपणी आजीकडून ऐकलेलं, तेव्हा वाटायचं की दुकानाची सुट्टी असेल. पेणकर, किहीमकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं आता इस्रायलमधल्या दारांवर सापडतात. आम्ही गेलो तेव्हा रामला नावाच्या गावात एका आजींकडे मलिदा खाल्ला, पोहे, गूळ, नारळ घालून केलेला, आणि आजी मला म्हणाल्या "अगो बस गो निवांत." मी रडलेच. तुमच्या भावाला म्हणा, रेहोवोतहून रामला जवळच आहे, एखादी संध्याकाळ ठेवा. आईंना तुमच्या चार शहरांपेक्षा ते जास्त लक्षात राहील, पैज.

मनीषनगरवाला :
ताई, हे भारीच, आईला वाचून दाखवलं, ती म्हणे मलिद्याची रेसिपी माग. काका, बाबांनी तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि घराच्या स्लॅबला कोणतं सिमेंट लागलं होतं ते आठवत बसलेत. रोश हनिक्रा काढलं. मग हैफा ठेवू का नको? ४५ मिनिटांत फोटोच होणार असेल तर काऊन जायाचं.

इतिहासाचा_तास_बंक :
हैफा ठेवा भाऊ, पण बागेसाठी नाही, किंवा फक्त बागेसाठी नाही. २३ सप्टेंबर १९१८ ला हे शहर तुर्कांच्या हातून सोडवलं ते आपल्या घोडदळानं, जोधपूर लान्सर्स आणि म्हैसूर लान्सर्स. समोर मशीनगन आणि तोफा, एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसरीकडे किशोन नदीची दलदल, आणि हे भाले-तलवारी घेऊन घोड्यावर. मेजर दलपतसिंग शेखावत तिथेच पडले. दिल्लीचा तीन मूर्ती चौक यांच्याच ब्रिगेडच्या आठवणीचा आहे, जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादचे तीन सैनिक, आता त्याचं नावच तीन मूर्ती हैफा चौक. हैफात भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, गाइडच्या यादीत ती कधीच नसते, आधी सांगून ठेवलं तर काही जण थांबवतात. मी गेलो तेव्हा कोणीच नव्हतं, गवत कापलेलं, शांत. घोड्यावरून आलेला माणूस इतक्या लांब कशाला मेला असं वाटत राहिलं.
बागेचं सांगतो. एकूण १९ टप्पे, डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत. गाइडसोबतची फेरी वरून खाली जाते आणि शेकडो पायऱ्या आहेत, बाबांसाठी नाही. खाली जर्मन कॉलनीच्या रस्त्यावरून वर पाहिलं तरी सगळी रांग दिसते, चढउतार शून्य. दिल्लीचं लोटस टेंपल ज्यांचं, त्याच बहाई लोकांची ही जागा, घुमटाखाली त्यांच्या धर्माचे अग्रदूत बाब यांची समाधी.
आणि आता अक्को, कारण तर्रीपोहे भाऊ बरोबर बोलून राहिले, दिवस तिथेच घालवा. जझ्झार पाशा नावाचा तिथला सुभेदार, जझ्झार म्हणजे कसाई, त्याच्या हिरव्या घुमटाच्या मशिदीत जे खांब आहेत त्यातले कितीतरी सिझेरियाच्या पडक्या शहरातून उचलून आणलेले. म्हणजे सकाळी जिथून खांब गेले ती जागा पाहायची आणि दुपारी जिथे आले ती. हे गाइड सांगत नाहीत, मला तर हीच या ट्रिपची खरी मजा वाटली. याच पाशानं १७९९ मध्ये नेपोलियनला दोन महिने तटाबाहेर ताटकळत ठेवलं. नेपोलियनच्या मोठ्या तोफा समुद्रमार्गे येत होत्या, त्या इंग्रजांनी वाटेतच पकडल्या आणि त्याच त्याच्यावर डागल्या. तो तिथे डोकं आपटत होता त्याच दिवसांत, ४ मेला, इकडे श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू गेला, आणि नेपोलियनला टिपूशीच हात मिळवायचा होता. २० मेला नेपोलियननं गाशा गुंडाळला.

तर्रीपोहे :
आणि तो बोगदा बे! तोच राहिला माझा.

इतिहासाचा_तास_बंक :
हौ, तो सांगतो. टेम्पलर, म्हणजे क्रुसेडच्या काळातल्या ख्रिस्ती लढवय्या लोकांनी किल्ल्यापासून बंदरापर्यंत काढलेला, सुमारे ३५० मीटर. १९९४ ला एका घराची तुंबलेली गटारलाइन पाहायला गेले आणि हा सापडला. आत लाकडी फळ्यांची वाट, खाली पाणी वाहतं, सुरुवातीला छत इतकं खाली का उंच माणसाला वाकूनच जावं लागते. बाबांची उंची किती? पाच-पाच असेल तर राजासारखे चालतील. नाइट्स हॉल, म्हणजे त्या काळच्या लढवय्यांची दालनं, वेगळे, ते आजच्या रस्त्याच्या खाली आहेत, कारण तुर्कांच्या काळात जुने दालनं मातीनं भरून वरती बांधकाम केलं. आता माती उपसून मोकळे केलेत. आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यात वर्षातून मोजके दिवस पाय ठेवता येतो, इथे रोज, आणि वर लोकांचे कपडे वाळत असतात, पोरं सायकली चालवतात. जुन्या गावात बहुतेक अरब कुटुंबं राहतात, ते अक्का म्हणतात.

तर्रीपोहे :
ट्रेनचं लिहितो. तेल अवीवहून हैफा, तिथून अक्को, सरळ लाइन आहे, एकाच गाडीत बसून जाता येतं, १२० किमीच्या आसपास म्हणजे नागपूर-अमरावतीहून कमीच. समुद्राच्या बाजूची खिडकी पकड. पण सिझेरियाचं स्टेशन खंडहरांपासून दूर पडतं, टॅक्सी करावी लागते, म्हणून बाबा सोबत असतील तर माझ्या मते तिघांसाठी ड्रायव्हर-गाइडवाली छोटी गाडी, महाग पडेल पण वेळ तुमच्या हातात. बसवाली टूर मी तरी परत नाही करणार.
खाण्याचं टेन्शन नको. अक्कोत हुमुस गरम मिळतो, वर अख्खे छोले, पण तर्री नाही हे लक्षात ठेव. स्खुग मागायचा, हिरवी मिरची-कोथिंबीर-लसणाचा, आपल्या ठेच्याचा चुलतभाऊ. मी त्यावर तीन दिवस काढले.

मनीषनगरवाला :
ठरलं, सकाळी सिझेरिया, हैफाला खालूनच बाग आणि ती दफनभूमी, मग दुपारपासून अक्को, छोटी गाडी करून, आणि वार मंगळवार. बुकिंग आत्ता नाही, फेब्रुवारीत सूचना पाहून. बाबांची उंची पाच-सहा आहे, त्यांनी आत्ता दाराच्या चौकटीला उभं राहून मोजून घेतली. वाकायला लागेल का विचारतात. आई म्हणते ठेचा डब्यात इथूनच नेऊ, तो स्खुग का फिग कसा निघतो कोणाला माहीत.

खापरखेडा_रिटायर्ड :
पाच-सहा म्हणजे थोडं वाकतील, चालतं. ठेचा हँडबॅगेत नका ठेवू, सिक्युरिटीवाले काढून घेतात, माझा नागपूर एअरपोर्टलाच गेला.